व्हॉयेजरवरील भैरवी आणि ‘कर्ता’ या संज्ञेचा प्रश्न

सप्टेंबर १९९४ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर ‘द एक्स-फाइल्स’ या विज्ञानकल्पनामालिकेचा एक भाग प्रसृत झाला. परग्रहावरील जीवांचा शोध हा त्याचा विषय. १९७७ मध्ये अवकाशात गेलेल्या व्हॉयेजर यानांचा त्यात उल्लेख येतो आणि त्यांवरील ध्वनिमुद्रिकेतील बाखचा दुसरा ‘ब्रांडेनबुर्ग कॉन्सेर्टो’ ऐकू येतो. मानवजातीची खूण म्हणून मालिकाकर्त्यांस बाख सुचावा हे स्वाभाविकच होय; ध्वनिमुद्रिकेवरील २७ संगीतखंडांपैकी तीन त्याचे आहेत. तथापि त्याच ध्वनिमुद्रिकेवर, शेवटून तिसऱ्या स्थानी, केसरबाई केरकर यांनी गायिलेली ‘जात कहाँ हो’ ही भैरवीही आहे. मैफलीची सांगता भैरवीने करण्याचा आपला संकेत पाहता हे स्थान मोठे योग्य वाटते. तो योगायोगच असावा.

कार्ल सेगन यांच्या निवडसमितीस हा खंड सुचविला तो संगीत-मानवशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी. मूळ मुद्रिका तोवर बाजारात दुर्मिळ झाली होती. अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात ती सापडली.

अभ्यासकाने लक्ष द्यावे असा खरा विषय आहे तो या खंडांची प्रसिद्ध यादी. बाखच्या नोंदीत प्रथम रचनाकार, मग रचनेचा क्रमांक व स्वर, त्यानंतर वाद्यवृंद व संचालक. चक बेरीच्या नोंदीत लेखन व गायन दोन्ही त्याचेच. पेरूमधील विवाहगीताच्या नोंदीत गाणारीचे नाव नाही, ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे आहे. भारतीय नोंदीत ‘राग’ एवढाच शब्द, चिजेचा मुखडा आणि ‘सूरश्री’ या उपाधीसह गायिकेचे नाव. रागाचे नाव नाही, चिजेच्या कर्त्याचेही नाही. सारांश, एकाच यादीत ‘कर्ता’ कोण याची निरनिराळी उत्तरे शेजारीशेजारी नांदतात.

हा केवळ परकीयांचा अनवधानदोष म्हणता येईल काय? ख्यालात बंदिश हे बीज असून विस्तार गायकाचा, म्हणून गायकाचे नाव पुढे येणे आपल्याकडेही रूढ आहे. परंतु यावरून आपल्या परंपरेस रचनाकाराची जाणीवच नव्हती, असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. कर्त्याने आपली मुद्रा पदातच गुंफावी, ही येथील रीत. ‘सदारंग’ हे नाव सर्वपरिचित आहे, आणि केसरबाईंचे गुरू अल्लादियाखाँ हे ‘अहमदपिया’ या मुद्रेने चिजा बांधीत. नाव होते ते चिजेच्या पोटात; यादीच्या रकान्यात ते आपोआप उतरत नाही, ते ऐकावे लागते.

केसरबाईंनी १९२१ पासून खाँसाहेबांकडे तालीम घेतली. १९४६ मध्ये ते निवर्तले. गोव्यातील केरी येथे जन्मलेल्या या गायिकेचे देहावसान १६ सप्टेंबर १९७७ रोजी झाले; व्हॉयेजर-१ ने पृथ्वी सोडून तेव्हा ११ दिवस झाले होते.