तू स्वतः पाहिलंस का?



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या एका बचत गटाची बैठक चालू होती. एकीची गाय एकाएकी दूध देईना झाली होती, औषधपाण्यात पैसे गेले आणि कर्जाचा हप्ता थकला. त्यावर बोलणं चाललं असताना मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "औषधानं काय व्हायचंय? कुणाची नजर लागलीय ते सगळ्यांना ठाऊक आहे." नाव कुणी घेतलं नाही, पण सगळ्यांच्या माना एका रिकाम्या जागेकडे वळल्या. तिथे बसणारी बाई एकटी, विधवा, जरा फटकळ. त्या दिवशी ती आली नव्हती. मी गटाची समन्वयक, पण मीही गप्प बसले. ते मनातून जात नाही, म्हणून आज बाराशे वर्षांपूर्वीची एक हकिगत सांगते.

बी.ए.ला माझा इतिहास होता, तेव्हापासून जुन्या काळाचं वाचायची सवय लागली. ही हकिगत युरोपातल्या फ्रान्सची आहे. तिथे लियाँ नावाचं शहर आहे. इसवी सन 816 मध्ये तिथे आगोबार नावाचा माणूस आर्चबिशप, म्हणजे त्या भागातला सगळ्यात मोठा ख्रिस्ती धर्मगुरू झाला. गारा आणि मेघगर्जना यांबद्दल लोक काय मानतात, यावर त्याने एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यामुळे त्या काळच्या साध्या माणसांच्या मनात काय होतं ते आपल्याला कळतं.

ती माणसं शेतकरीच होती. लाकूड-मातीची घरं, थोडीफार गुरं, गहू, राय, सातू यांची शेती. पिकायचं थोडं, त्यातलंच बियाणं काढून ठेवायचं, जमीनदाराला द्यायचं आणि उरलेल्यात वर्ष काढायचं. कापणीच्या तोंडावर गारपीट झाली की पुढचा हिवाळा उपाशी. गारा म्हणजे काय असतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

या गारा पाडणारी माणसं असतात, असं ते लोक मानत. आगोबार लिहितो की गरीब-श्रीमंत, शहरातले-खेड्यातले, म्हातारे-तरुण, जवळजवळ सगळ्यांचाच हा समज होता. ढगांच्या पलीकडे मागोनिया नावाचा देश आहे, तिथून आकाशातून जहाजं येतात, गारांनी झोडपून पडलेलं धान्य त्यांत भरून नेतात आणि वादळ उठवणाऱ्यांना त्याचे पैसे देतात, असं सांगितलं जाई. गावोगावी आणखीही काही जण होते. "आम्ही तुमचं शेत वादळापासून राखतो" असं ते म्हणत, आणि शेतकरी त्यांना पिकातला ठरलेला वाटा देत. आगोबारने एक गोष्ट नेमकी टिपली आहे. जे लोक विधवांना आणि अनाथांना काही द्यायला तयार नसत, ते हा वाटा मात्र कुणी न मागता देत.

एकदा चार जणांना बांधून त्याच्यासमोर आणलं गेलं. तीन पुरुष, एक बाई. "हे आकाशातल्या जहाजातून खाली पडलेत," असं लोक म्हणत होते. काही दिवस त्यांना साखळ्यांनी बांधून ठेवलं होतं आणि आता दगडांनी ठेचून मारायचं ठरलं होतं. आगोबारने लोकांशी बराच वाद घातला. अखेर त्यांना पकडून आणणारेच खजील झाले.

तो वाद कसा घालायचा, हेही पुस्तकात आहे. कुणी म्हणालं, अमक्याने गारा पाडल्या, की तो विचारायचा, तू स्वतः पाहिलंस का? एकदा तर त्याला छातीठोकपणे सांगणारा माणूस भेटला. कोणी केलं, कुठे केलं, कधी केलं, सगळं त्याने नावानिशी सांगितलं. पण खोदून विचारल्यावर कबूल केलं, "मी मात्र तिथे नव्हतो."

त्याच्या काही वर्षं आधी, 810 च्या सुमाराला, गुरांची मोठी साथ आली होती. बैल पटापट मरत होते. तेव्हा अफवा उठली की इटलीतल्या बेनेव्हेन्तोच्या सरदाराने आपली माणसं पाठवली आणि कुरणांत, झऱ्यांत विषारी पूड टाकली. त्या सरदाराचं इकडच्या राजाशी, शार्लमेनशी, वैर होतं. त्यामुळे लोकांना ते लगेच पटलं. कित्येक जण पकडले गेले. काहींना मारलं, बहुतेकांना फळ्यांना बांधून नदीत सोडलं. आगोबार विचारतो, अशी कोणती पूड आहे की जी फक्त बैलांनाच मारते आणि बाकीच्या जनावरांना सोडते? बेनेव्हेन्तोतले झाडून सगळे बायका-पुरुष प्रत्येकी तीन-तीन गाड्या भरून निघाले असते, तरी एवढ्या मुलखाला ती पुरली असती का? मन हलवणारी गोष्ट पुढे आहे. पकडलेल्यांतले काही जण स्वतःच म्हणू लागले, हो, आम्हीच पूड टाकली. चारी बाजूंनी सगळे एकच बोलू लागले की माणसाचा स्वतःवरचाही विश्वास उडतो, असं मला वाटतं.

आगोबार काही आजच्यासारखा विज्ञानवादी नव्हता. गारा देवच पाडतो, माणसाच्या हातात ते नाही, हा त्याचा मुद्दा. याच आगोबारने आपल्या शहरातल्या ज्यू लोकांविरुद्ध फार कडवट लिहिलं आहे. तिथे त्याने स्वतःला हा प्रश्न विचारलेला दिसत नाही. एका ठिकाणी शहाणा असलेला माणूस दुसऱ्या ठिकाणी चुकतो.

मग त्या काळच्या बायकांचे सगळेच रीतिरिवाज वाईट होते का? तसं नाही. पुढे साधारण दोनशे वर्षांनी जर्मनीतल्या वर्म्स शहरात बुर्खार्ड नावाचा बिशप होऊन गेला. पापाची कबुली घेताना लोकांना काय काय विचारावं, याची त्याने लांबलचक यादी केली. मागावर सूत लावताना बायका मंत्र म्हणत. घरात तीन बहिणी येतील म्हणून ताट वाढून तीन सुऱ्या ठेवत. पाऊस लांबला की मुली एका लहान मुलीला रानात नेत, तिच्याकडून उजव्या करंगळीने खुरासानी ओव्याचं रोप उपटून घेत, ते तिच्या पायाच्या करंगळीला बांधत, नदीवर डहाळ्यांनी तिच्यावर पाणी शिंपडत आणि तिला खेकड्यासारखं उलटं चालवत घरी आणत. आपल्याकडच्या धोंडीची आठवण होते ना? बिशपला हे पाप वाटलं. मला त्यात पावसासाठी कासावीस झालेल्या बायका दिसतात. श्रद्धा दुसऱ्याच्या गळ्याशी येते, तेव्हा खरी भीती.

त्या जुन्या काळाला लोक अंधारयुग म्हणतात. पण 643 साली इटलीत रोथारी राजाने कायदा लिहिला, त्यात म्हटलं आहे की दुसऱ्याच्या दासीला चेटकीण म्हणून मारू नये, कारण बाई जिवंत माणसाला आतून खाते हे खरं मानण्यासारखंच नाही. पुढे काय झालं? साधारण 1450 ते 1750 या तीनशे वर्षांत, छापखाने आणि विद्यापीठं असलेल्या युरोपात, चेटूक केल्याच्या आरोपावरून सुमारे चाळीस ते पन्नास हजार माणसं मारली गेली. त्यांत बहुतेक बायका होत्या. म्हणजे वर्षं पुढे गेली की शहाणपण आपोआप पुढे जातं, असं नाही. ते दर वेळी कुणालातरी पुढे न्यावं लागतं.

आपल्या महाराष्ट्रातही 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. अमक्या व्यक्तीने करणी केली, मंत्राने जनावराचं दूध आटवलं, तिच्यामुळे रोगराई आली, असं पसरवून तिला छळणं हा त्यात गुन्हा आहे. जनावराचं दूध! आगोबारच्या बैलांपासून आपल्या गोठ्यापर्यंतचं अंतर केवढं कमी आहे बघा.

त्या गाईला कासदाह झाला होता. दोन सड गेले ते गेलेच. पुढच्या बैठकीला ती बाई आली आणि आपल्या जागेवर बसली. शेजारची जागा मात्र रिकामीच राहिली. मी वही उचलली, तिच्या शेजारी जाऊन बसले आणि सगळ्यांना विचारलं, "मागच्या वेळी जे बोललं गेलं, ते कुणी स्वतः पाहिलंय का?" कुणी काही बोललं नाही. थोड्या वेळाने गाईची मालकीणच म्हणाली, "मी नाही पाहिलं."

तुमच्या गटात असं काही कुजबुजलं गेलं तर माझ्यासारखा महिनाभर उशीर करू नका. तिथल्या तिथे विचारा.