नमुना बदलतो तेव्हा : सातबाराच्या दफ्तराची कहाणी

दफ्तराचा विषय प्रथमदर्शनी रुक्ष वाटेल, हे आम्ही जाणून आहो. लढायांचा आणि तहांचा इतिहास सांगणारे पुष्कळ आहेत. परंतु ज्या कागदावरून आपल्या शेतावरचा हक्क पाहिला जातो, त्या कागदाचा इतिहास सांगायला सहसा कोणी उभे राहत नाही. संगणकाच्या जगात आज डेटाबेस, इंडेक्स आणि स्कीमा हे शब्द वारंवार कानी पडतात. डेटाबेस म्हणजे नोंदींचा संग्रह. इंडेक्स म्हणजे त्यातली हवी ती नोंद चटकन हाती देणारी सूची. आणि स्कीमा म्हणजे नोंदींच्या रकान्यांची आखणी. सूची कशी सांभाळावी आणि आखणी बदलताना जुन्या नोंदी कशा जपाव्यात, हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मास आला असे अनेकांना वाटते. मैंदर्गीच्या चावडीत तो कितीतरी आधीपासून आहे.

आपल्या प्रांतातील जमीनमोजणीची आधुनिक पद्धत १८३६ च्या सुमारास विंगेट आणि गोल्डस्मिड या दोन अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात बसवली. पुढे १८७९ साली मुंबईचा जमीन महसूल कायदा झाला. या मोजणीने सारा कोणाकडून घ्यावयाचा हे सरकारला कळले. पण त्याच जमिनीत भावांचा वाटा किती, ती गहाण कोणाकडे आहे, विहिरीच्या पाण्यावर हक्क कोणाचा, हे त्या कागदांत नव्हते. ती उणीव भरून काढण्यासाठी १९०३ साली हक्कनोंदणीचा स्वतंत्र कायदा आला आणि १९१३ साली तो महसूल कायद्यातच सामावून घेण्यात आला. मैंदर्गी ज्या तालुक्यात आहे, त्या अक्कलकोटचे संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. आणि १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम त्यानंतर आला. सरकारे बदलली, कायदे बदलले. शेत मात्र होते तेथेच राहिले, आणि प्रत्येक वेळी त्याची नोंद नव्या कागदावर न्यावी लागली.

हे दफ्तर रचलेले कसे असते ते पाहू. गावच्या हिशेबाचे एकंदर २१ नमुने आहेत. त्यांतील नमुना ७ हक्कांचा आणि नमुना १२ पिकांचा. दोन्ही एकाच कागदावर येतात म्हणून तो सातबारा. सातबाराची मांडणी जमिनीच्या क्रमांकाने असते. क्रमांक ठाऊक असेल तर पान लगेच सापडते. पण कोणी विचारले की अमक्या माणसाची गावात एकूण जमीन किती, तर सबंध चोपडा उलटावा लागेल. यासाठी नमुना ८-अ आहे. त्यात खातेदाराच्या नावाखाली त्याच्या सर्व जमिनी एकत्र दिलेल्या असतात. संगणकवाले ज्याला इंडेक्स म्हणतात, त्याचेच काम हा नमुना करतो.

मात्र सूची फुकट मिळत नाही. जमीन विकली गेली की आधी नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत, नोंद होते. ती प्रमाणित झाल्यावर सातबारा दुरुस्त होतो. आणि विकणाऱ्याचा व घेणाऱ्याचा असे दोघांचे ८-अ बदलतात. यांतील एक जागा राहून गेली की दोन कागद दोन गोष्टी सांगू लागतात. सूची जितक्या वाढवाव्या तितके शोधणे सोपे होते, आणि तितकेच लिहिणे जड होते. म्हणून सूची ठेवण्यापूर्वी, या वाटेने विचारणारे लोक खरोखर किती आहेत, हे पाहावे लागते. शिवाय सूची नावावर चालते आणि नावे सरळ नसतात. आमच्या या सरहद्दीच्या भागात घरात कानडी आणि दफ्तरात मराठी. गावाचेच नाव कोणी मैंदर्गी लिहितो, कोणी मैंदरगी. माणसांच्या नावांचे काय सांगावे? एकच मनुष्य दोन तऱ्हांनी लिहिला गेला, तर सूचीत त्याची दोन माणसे होतात.

आता आखणी बदलण्याचे पाहू. पूर्वी क्षेत्र एकर-गुंठ्यांत लिहीत. दशमान पद्धत आल्यावर ते हेक्टर-आरमध्ये न्यावे लागले. ३.२० असे लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ तीन एकर वीस गुंठे, म्हणजे साडेतीन एकर, हेक्टरमध्ये १.४२. हाच आकडा कोणी दशांश समजून वाचला तर तीन पूर्णांक दोन दशांश एकर होतात आणि बारा गुंठे जमीन कागदावरून नाहीशी होते. आकडा एकही खोटा लिहिलेला नसतो. रकान्याचा अर्थ तेवढा बदललेला असतो. तीच गोष्ट क्रमांकांची. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्याखाली जेथे योजना झाली, तेथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना कोणता नंबर नव्या कोणत्या गटात गेला, हे दाखवणारे पत्रक हाताशी नसेल, तर आजोबांचे खरेदीखत आणि नातवाचा सातबारा यांची गाठ पडत नाही.

संगणकातही हीच अडचण उभी राहिली होती. एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात म्हटले की, नोंदी कोणत्या क्रमाने ठेवल्या आहेत व त्यांना कोणत्या सूची आहेत, यांवर विचारणाऱ्याचे काम अवलंबून असू नये. त्याच सुमारास बायर आणि मॅकक्राइट या दोघांनी बोइंग कंपनीत असताना सूचीची ‘बी-ट्री’ नावाची रचना शोधली. तिच्यात नोंदी कितीही वाढल्या तरी मोजक्या पायऱ्यांत हवी ती सापडते. या दोन्ही कल्पनांवर आजचे बहुतेक डेटाबेस उभे आहेत. पण आखणी बदलताना माणसाचा हक्क गळू नये, ही काळजी कोणतीही रचना आपोआप घेत नाही.

ती काळजी जुन्या दफ्तराने कशी घेतली, हे पाहण्यासारखे आहे. हस्तलिखित सातबारावर जुने नाव खोडून टाकीत नसत. त्याला कंस करीत, आणि नव्या नावाजवळ फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहीत. त्या क्रमांकावरून नमुना ६ उघडला की बदल केव्हा, कोणत्या कारणाने व कोणाच्या सहीने झाला, ते कळे. म्हणजे चूक झाली तरी मागे जाण्याची वाट उघडी राही. राज्यातील सुमारे अडीच कोटी सातबारा संगणकावर नेताना खरी परीक्षा येथेच होती. हाताने लिहिलेले पान यंत्रात उतरवताना एखाद्या विधवेचे नाव इतर हक्कांच्या रकान्यातून सुटले, तर यंत्राला त्याचे काही वाटत नाही; त्या बाईच्या मात्र पायाखालची जमीन सरकते. म्हणूनच २०१७ साली गावोगाव चावडीवाचन करून सातबारा लोकांसमोर वाचून दाखवण्यात आले. नव्या नोंदी जुन्यांशी ताडून पाहण्याचा याहून साधा उपाय आम्हांला ठाऊक नाही. लेखनातील चूक दुरुस्त करण्यासाठी अधिनियमात कलम १५५ आहेच. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा मिळू लागला. आणि २०२० साली नमुना पुन्हा बदलला, तेव्हा नावासमोर खाते क्रमांक आणि शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व तारीख देण्याची सोय झाली. जुन्या हातांनी वर्तुळात लिहिलेला दुवा नव्या आखणीतही ठेवला गेला, हे योग्यच झाले.

या सर्वांतून आम्ही एवढेच सांगू इच्छितो की, नमुना बदलणे हे छापखान्याचे किंवा यंत्राचे काम नव्हे. जुन्या रकान्याचा अर्थ नव्या रकान्यात पोहोचला की नाही, हे एकेका नोंदीपाशी थांबून पाहावे लागते. आणि ते पाहणारा शेवटी ज्याचे शेत आहे तोच असतो. श्रोत्यांनी घरी गेल्यावर आपला सातबारा आणि आपला ८-अ शेजारी ठेवून वाचावा. क्षेत्र जुळते का, आईचे व बहिणींचे नाव आहे का, शेवटचा फेरफार कोणता, हे पाहावे. न जुळल्यास अर्ज करण्याची वेळ आजच आहे. कारण नमुना पुन्हा बदलणार आहे.