बालसंगोपनाचे उपदेशक

घरांत मूल येणार अशी वार्ता पसरली, कीं त्या घरावर उपदेशाचा वर्षाव सुरू होतो. आजी एक सांगते, शेजारीण दुसरें सांगते, डॉक्टर तिसरें सांगतात, आणि अलीकडे हातांतला फोन चौथें सांगतो. मुलाला मिसरूड फुटलें तरी हा वर्षाव थांबत नाहीं. फक्त त्याचा विषय दुधावरून दंगामस्तीवर आणि दंगामस्तीवरून अभ्यासावर व संगतीवर जातो. उपदेशकांची ही परंपरा किती जुनी आहे, तिनें आईबापांस काय काय शिकविलें, आणि त्यांतून टिकलें काय, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय वाटतो तितका सौम्य नाहीं. चुकीच्या उपदेशाची किंमत उपदेशकाला क्वचितच द्यावी लागली. ती बहुधा मुलांनीं आणि त्यांच्या मातांनीं दिली.

आपल्या प्राचीन वैद्यकापासूनच आरंभ करूं. ‘डोहाळे’ हा आपल्या घराघरांतला शब्द. त्याचें मूळ संस्कृत ‘दोहद’ या शब्दांत आहे. सुश्रुतसंहितेच्या मतें चौथ्या महिन्यांत गर्भाचें हृदय व्यक्त होतें, म्हणून गर्भिणी ही दोन हृदयांची स्त्री होय, आणि तिच्या इच्छा मोडूं नयेत. यामागील शरीरशास्त्र आज कोणी स्वीकारणार नाहीं. परंतु सासुरवाशिणीला निदान कांहीं महिने मनासारखें खावयास मिळावें, ही सोय त्या कल्पनेनें करून ठेविली यांत संशय नाहीं.

स्तन्यपानाविषयीं मात्र आपल्या आचार्यांत एकवाक्यता नाहीं. चरकसंहिता नवजात बालकास मध व तूप चाटवून नंतर उजवा स्तन द्यावा असें सांगते. सुश्रुताच्या मतें दूध तीन-चार रात्रींनंतर उतरतें. तोंवर बालकाला मध-तुपावर ठेवावें. आईला येणारा पहिला पिवळसर चीक पिळून टाकावा आणि मुलाला मधाचें बोट द्यावें, ही चाल पुढें अनेक घरांत रूढ होती, आणि ती अद्यापि सर्वत्र नाहींशी झालेली नाहीं. आज आपणांस ठाऊक आहे, कीं या चिकांतच बालकाला रोगांपासून वांचविणारीं द्रव्यें दाट प्रमाणांत असतात. आणि वर्षाच्या आंतील मुलाला मध देणें धोक्याचें आहे. तेव्हां या ठिकाणीं जुन्या वचनास मान तुकविणें इष्ट नाहीं.

परंतु त्याच चरकसंहितेंत मुलाच्या खेळण्यांविषयीं जें सांगितलें आहे, तें आज एखाद्या बालरोगतज्ज्ञानें सांगितल्यासारखें वाटतें. खेळणीं रंगीत, वाजणारीं व हलकीं असावींत. त्यांस टोंक नसावें, तीं तोंडांत शिरण्याजोगीं नसावींत, भयंकर नसावींत. पुढें असेंही सांगितलें आहे, कीं मूल रडूं लागलें किंवा जेवेना म्हणून त्याला राक्षस, पिशाच, पूतना यांचीं नांवें घेऊन भिववूं नये. हा उपदेश ज्या देशांत झाला, त्याच देशांत शतकानुशतकें बागुलबुवाचें नांव घेतल्याखेरीज घास तोंडांत गेला नाहीं! ग्रंथांत असणें आणि घरांत असणें यांत किती अंतर असतें, हें यावरून दिसेल.

आतां युरोपकडे वळूं. कारण आज आपल्या हातीं पडणारीं संगोपनाचीं पुस्तकें तिकडील परंपरेंतलीं आहेत. लंडनमध्यें टाकून दिलेल्या मुलांसाठीं एक अनाथालय निघालें होतें. १७४१ सालीं त्यांत पहिलीं मुलें घेतलीं गेलीं. त्याच्या एका चालकास विल्यम कॅडोगन या वैद्यानें पत्ररूपानें लिहिलेला निबंध १७४८ सालीं प्रसिद्ध झाला. मुलाला पट्ट्यांनीं आवळून बांधूं नये, सैल वस्त्रें घालावींत, आईनें स्वतः पाजावें, हे त्याचे विचार त्या काळीं धाडसाचे व बव्हंशीं योग्य होते. परंतु मुलांचें संगोपन बायकांच्या हातून काढून समंजस पुरुषांच्या देखरेखीखालीं यावें, असेंही त्यानें मोठ्या समाधानानें लिहिलें, आणि पाजण्याच्या वेळा मोजून बांधून दिल्या. उपदेशक आणि घड्याळ यांची मैत्री येथून जुळली असें म्हणावयास हरकत नाहीं. पुढें १७६२ त रूसोचा ‘एमिल’ निघाला. मातांनीं मुलें दाईकडे न धाडतां स्वतः पाजावींत असा त्याचा आग्रह होता; आणि याच रूसोनें आपलीं पांचही मुलें पॅरिसच्या अनाथालयांत धाडलीं होतीं! उपदेश आणि आचरण यांची फारकत केवळ आपल्याच देशाची मिरास नाहीं.

घड्याळाचें खरें राज्य विसाव्या शतकांत आलें. न्यूझीलंडांत ड्युनेडिनजवळच्या वेड्यांच्या इस्पितळाचे अधीक्षक ट्रुबी किंग यांनीं तेथील शेतावर वासरें वाढवितांना दुधाचें माप व वेळ यांचा अभ्यास केला, आणि तीच शिस्त मनुष्याच्या मुलांस लावली. १९०७ सालीं त्यांनीं काढलेली संस्था पुढें प्लंकेट या नांवानें प्रसिद्धीस आली. आईचेंच दूध द्यावें, हा त्यांचा आग्रह सर्वस्वीं योग्य होता. परंतु तें दर चार तासांनींच द्यावें, रात्रीं मुळींच देऊं नये, आणि रडलें तरी मुलाला उचलूं नये, असा त्यांचा दंडक होता. त्या देशांत बालमृत्यु कमी झाले, म्हणून या शिस्तीचा मोठा गौरव झाला. वास्तविक ते अगोदरपासूनच घटत चालले होते. आणि दूध जितक्या वेळां ओढलें जातें तितकें तें अधिक उतरतें, हा शरीराचा साधा नियम या शिस्तींत बसत नव्हता. घड्याळाकडे पाहून पाजणाऱ्या किती मातांचें दूध आटलें आणि दोष मात्र त्यांच्याच प्रकृतीवर गेला, याची नोंद कोणी ठेविली नाहीं.

यावर कळस चढविला तो अमेरिकेंतील जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञानें. १९२८ सालच्या आपल्या पुस्तकांत त्यानें बजाविलें, कीं मुलाला मिठी मारूं नका, मांडीवर घेऊं नका. फारच झालें तर रात्रीं निजतांना एकदां कपाळाचें चुंबन घ्या, आणि सकाळीं हस्तांदोलन करा. या वेळीं वॉटसन विद्यापीठ सोडून जाहिरातींच्या धंद्यांत शिरला होता, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. त्याचा आत्मविश्वास इतका दांडगा होता, कीं हजारों सुशिक्षित मातांनीं आपल्या हातांना आवर घातला. पुढें हॅरी हार्लो यानें १९५८ सालीं माकडांच्या पिलांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. दूध देणारी तारेची आई आणि दूध न देणारी मऊ कापडाची आई अशा दोन आया ठेविल्या असतां, पिलें बहुतेक वेळ कापडाच्या आईलाच बिलगून राहिलीं. स्पर्श हा लाड नसून गरज आहे, हें अशिक्षित आजीला ठाऊक असलेलें सत्य सिद्ध करण्यास माकडांना तारेच्या पिंजऱ्यांत कोंडावें लागलें.

मध्यंतरीं १९४६ सालीं डॉ. बेंजामिन स्पॉक यांचें पुस्तक निघालें होतें. त्यांचा सूर प्रेमळ होता. आईबापांनीं स्वतःच्या बुद्धीवर विश्वास ठेवावा, मुलाला जवळ घ्यावें, भूक लागेल तेव्हां पाजावें असें त्यांचें सांगणें. मातांनीं सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु याच पुस्तकाच्या १९५० नंतरच्या आवृत्त्यांत तान्ह्या मुलाला पालथें निजवावें असा सल्ला शिरला, आणि तो इतरही अनेक तज्ज्ञ देत होते. ओकारी आली तर मूल गुदमरूं नये, हें त्यामागील कारण. तें कोणालाही पटावें असेंच होतें. फक्त तें मोजून पाहिलेलें नव्हतें. पुढें पालथीं निजणारीं मुलें झोपेंत अकस्मात् दगावण्याचें प्रमाण फार मोठें आहे असें आढळून आलें, आणि १९९० नंतरच्या दशकांत मुलाला उताणें निजवावें अशी मोहीम देशोदेशीं निघाली. २००५ सालच्या एका परीक्षणांत दाखविलें आहे, कीं उपलब्ध पुरावा १९७० च्या सुमारासच एकत्र करून पाहिला असता, तर एकट्या ब्रिटनमधील दहा हजारांवर आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलेशिया मिळून निदान पन्नास हजार बालकांचे प्राण वांचते. वॉटसनचा उपदेश कठोर होता म्हणून वाईट आणि स्पॉकचा प्रेमळ होता म्हणून चांगला, असा हिशेब मांडणाऱ्यांनीं या आंकड्याचा विचार करावा.

आतां वयांत येणाऱ्या मुलांविषयीं. पांच वर्षें लाड, पुढें दहा वर्षें धाक आणि सोळावें लागतांच मित्रत्व, हा चाणक्याच्या नांवावर चालणारा हिशेब आपल्याकडे तोंडपाठ आहे. आपण ज्याला ‘पौगंडावस्था’ म्हणतों, त्यांतील ‘पौगंड’ शब्द संस्कृतांत पांच ते दहा वर्षांच्या मुलासाठीं होता. तो पुढच्या वयाला लावण्याची गरज भासली, कारण तें वय समाजांत नव्यानें दिसूं लागलें. आनंदीबाई जोशी यांना चवदाव्या वर्षीं मूल झालें आणि तें दहा दिवसांत गेलें. याच आनंदीबाईंनीं १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथें वैद्यकाची पदवी घेतांना प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला. चवदाव्या वर्षीं जी आई होते, तिला पौगंडावस्था कोठून असणार? १८९१ सालीं संमतिवयाची मर्यादा बारा झाली, तीवरून महाराष्ट्रांत केवढें रण माजलें तें सर्वश्रुत आहे. १९२९ च्या सारडा कायद्यानें मुलीचें विवाहवय चवदा झालें, आणि १९७८ सालीं अठरा. बालपण व संसार यांच्यामध्यें ही जी मोकळी वर्षें निर्माण झालीं, त्यांचें काय करावें हें आपल्या जुन्या उपदेशकांस ठाऊक असणें शक्यच नव्हतें. अमेरिकेंत स्टॅन्ले हॉल यानें १९०४ सालीं या वयावर दोन जाडे खंड लिहून त्याला वादळाचें वय ठरविलें. १९२८ सालीं मार्गारेट मीड हिनें सामोआ बेटांतील मुलींचा दाखला देऊन तें वादळ निसर्गाचें नसून समाजाचें आहे असें प्रतिपादिलें. आणि तिच्याही निष्कर्षांवर पुढें कडाक्याचा वाद झाला. आम्हांस एवढेंच सांगावयाचें आहे, कीं दहा वर्षें धाकांत वाढलेला मुलगा सोळाव्या वाढदिवशीं एकाएकीं मित्र होत नाहीं. ती मैत्री आधींपासून पोसावी लागते.

तर मग उपदेश घ्यावा कोणाचा? आमच्या मतें दोन गोष्टी पाहाव्यात. उपदेशकानें आपल्या सल्ल्याचा परिणाम मोजून पाहिला आहे काय? आणि ज्या मातांना तो पाळावयाचा, त्यांना विचारलें आहे काय? या दोन्ही कसोट्यांस उतरणारें एक उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें १९९५ पासून ३९ गांवांत गांवच्याच स्त्रियांना नवजात बालकाची घरीं काळजी घेण्याचें शिक्षण दिलें. शेजारच्या गांवांशीं ताडून पाहतां तिसऱ्या वर्षीं नवजात मृत्यूंचें प्रमाण ६२ टक्क्यांनीं घटलेलें आढळलें. हा वृत्तांत १९९९ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झाला. तसेंच, कमी वजनाच्या मुलाला पेटींत न ठेवतां आईच्या उघड्या छातीशीं धरण्याची रीत १९७८ च्या सुमारास कोलंबियांतील बोगोटा शहरीं इस्पितळांत पेट्या अपुऱ्या पडल्यामुळें सुरू झाली. जन्मतांच ती सुरू केल्यास अशा मुलांचे मृत्यु चतुर्थांशानें कमी होतात, असें २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या पांच देशांतील प्रयोगानें दाखविलें. त्यांत दिल्लीचेंही एक रुग्णालय होतें.

या दीर्घ इतिहासांतून आईबापांच्या हातीं उरतें तें थोडकेंच आहे. जन्मल्यावर तासाभरांत मूल अंगावर घ्यावें, चीक टाकूं नये, सहा महिने आईच्या दुधाखेरीज कांहीं देऊं नये, मूल मागेल तेव्हां पाजावें, उताणें निजवावें, बागुलबुवा दाखवूं नये, आणि मुलगा वा मुलगी वयांत येण्यापूर्वींच तिच्याशीं बोलण्याची संवय स्वतःला लावून घ्यावी. याहून अधिक ठामपणें कोणी कांहीं सांगूं लागला, तर त्याला वरील दोन प्रश्न विचारण्यास आईबापांनीं संकोच बाळगूं नये. मग तो पदवीधर डॉक्टर असो, घरांतली वडीलधारी मंडळी असोत, किंवा आमच्यासारखा लेखक असो.