अलंकारांची ओळख आणि गोमंतकाची काव्यपरंपरा

देवळात पुराण ऐकताना किंवा कीर्तनास बसले असता उपमा, रूपक, दृष्टांत ही नावे आपल्या कानी वारंवार पडतात. त्यांचा अर्थ ठाऊक आहे असेही आपणांस वाटते. परंतु अलंकार म्हणजे काव्याच्या अंगावर वरून घातलेले दागिने, ते काढून ठेवले तरी काव्य तसेच उरते, अशी जी एक समजूत रूढ आहे, ती गोमंतकाच्या वाङ्मयेतिहासाकडे पाहिले असता टिकत नाही.

प्रथम शास्त्राचा थोडा विचार करू. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक हे चारच अलंकार सांगितले आहेत. पुढे दंडी, भामह, मम्मट आदी आचार्यांनी त्यांत भर घातली आणि सोळाव्या शतकात अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंदा’त ही संख्या शंभरावर गेली. संख्या पाहून सामान्य वाचक बिचकतो. पण मुळाशी असलेले तत्त्व सोपे आहे. यमक, अनुप्रास हे शब्दालंकार कानासाठी. उपमादी अर्थालंकार बुद्धीसाठी. अर्थालंकारांपैकी पुष्कळांचे बीज साम्यात आहे.

देवालयाच्या प्रांगणातील पाजळलेला दीपस्तंभ डोळ्यांपुढे आणावा. ‘दीपस्तंभ फुललेल्या चाफ्यासारखा शोभतो’ ही उपमा. यात दीपस्तंभ हे उपमेय, चाफा हे उपमान, शोभणे हा साधारण धर्म आणि ‘सारखा’ हा साम्यवाचक शब्द. ‘दीपस्तंभ म्हणजे जणू फुललेला चाफाच’ ही उत्प्रेक्षा. ‘दीपस्तंभरूपी चाफा अंगणात फुलला’ हे रूपक; येथे दोहोंत भेदच उरला नाही. ‘हा दीपस्तंभ नव्हे, हा चाफाच’ असे म्हणून उपमेयाचा निषेध केला की अपन्हुती झाली. आणि दीपस्तंभाचे नावही न घेता ‘अंगणात चाफा फुलला’ एवढेच म्हटले, तर ती अतिशयोक्ती. साम्य एकच; मात्र पायरीपायरीने उपमान पुढे येत जाते आणि उपमेय त्यात विरून जाते. एवढा क्रम ध्यानात राहिला तर अलंकारांची निम्मी यादी आपोआप उलगडते.

या सर्वांस एक अट आहे. उपमान हे श्रोत्याच्या परिचयाचे असले पाहिजे. ज्याने चाफा पाहिला नाही, त्याला वरील पाचही वाक्ये मुकी आहेत. अलंकार हा वक्ता आणि श्रोता यांच्यामधील जुन्या ओळखीवर उभा असतो.

आता इतिहासाकडे वळू. शके १४४८ म्हणजे इ. स. १५२६ मध्ये साष्टीतील केळशी गावच्या कृष्णदास शामा यांनी भागवताच्या दशमस्कंधावर आधारलेली ‘श्रीकृष्णचरित्रकथा’ ओवीबद्ध केली. त्या वेळी श्रीशांतादुर्गा केळशीसच होती. पुढे चाळीस वर्षांच्या आत मंगेश कुशस्थळीहून आणि शांतादुर्गा केळशीहून आदिलशाही मुलखातील अंत्रूज महालात आली. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडली गेली. देव स्थलांतरित झाले, कित्येक महाजन कुटुंबे त्यांच्यामागून आली. जी मागे राहिली, त्यांपैकी अनेकांचा धर्म पालटला. परंतु कानात बसलेली ओवी पालटली नाही.

याचा सबळ पुरावा परक्या माणसाने दिला आहे. इंग्लंडात जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले. इथल्या भाषांचे ग्रीक व लॅटिन भाषांशी असलेले साम्य त्यांनी १५८३ मध्ये आपल्या बंधूस पत्राने कळविले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. विषय बायबलाचा, पण घाट पुराणाचा, आणि वृत्त ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये योजिलेले ओवीचेच. मराठी भाषेचा गौरव करताना स्टीफन्स यांनी एका उपमेयासाठी अनेक उपमाने ओळीने मांडली आहेत. शास्त्रात याला मालोपमा म्हणतात. ती उपमाने पाहावीत: मोगरा, कस्तुरी, मोर आणि कल्पतरू! कल्पतरू हा इंद्राच्या नंदनवनातील वृक्ष. ख्रिस्ती धर्मोपदेशकाला तो घ्यावा लागला, कारण श्रोत्यांच्या मनात थोरपणाचे माप तोच होता. दागिना काढून ठेवता येतो. ही उपमा काढली असती तर त्या श्रोत्यांपर्यंत अर्थच पोहोचला नसता.

१६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यांनी फर्मान काढून, लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी व देशी भाषा टाकावी असे फर्मावले. फर्मानाने भाषा मेली नाही. पुढे १८५४ मध्ये पणजीस लिसेव स्थापन झाले. तेथे कामोंइशचे ‘लुझियाद’ अभ्यासणाऱ्या गोमंतकीयांना ‘कोंपारासांव’ म्हणजे आपली उपमा आणि ‘मेताफोर’ म्हणजे आपले रूपक हे उमगण्यास वेळ लागला नाही. त्या काव्यात आफ्रिकेच्या दक्षिणेचे भूशिर अदामास्तोर नावाचा राक्षस होऊन बोलते. आपले व्याकरणकार यालाच चेतनगुणोक्ती म्हणतात. नावे निराळी असली तरी मनुष्याच्या बुद्धीचा व्यापार एकच आहे.

म्हणून अलंकारांचे जतन म्हणजे केवळ व्याख्या पाठ करणे नव्हे. उपमान जगले तर उपमा जगते. दिवजा, पालखी, दीपस्तंभ, तळी, चौघडा यांची ओळख ज्या मुलांना राहील, त्यांनाच पूर्वजांच्या ओव्या बोलतील. महाजन घराण्यांनी देव सांभाळून आणले, तसा हा शब्दांचा ठेवाही सांभाळला. घरोघरी पोथी वाचताना वडीलधाऱ्यांनी क्षणभर थांबून ‘येथे उपमेय कोणते, उपमान कोणते?’ एवढे जरी मुलांना विचारले, तरी हा ठेवा पुढील पिढीच्या हाती सुखरूप पोहोचेल. श्रींच्या कृपेने ती बुद्धी आपणां सर्वांस लाभो.