एक्सेल १५ अंकांनंतर शून्य का लावतं? आणि मोबाईलवर मोठे आकडे अचूक कसे काढायचे

कारंजा लाडहून माझ्या मावसभावाचा व्हॉट्सअॅपवर स्क्रीनशॉट आला. अकरावीत आहे, लॅपटॉप नाही, सगळं काम मोबाईलवर. प्रोजेक्टसाठी १, ११, १११ असे आकडे घेऊन त्यांचे वर्ग एक्सेलमध्ये काढत होता. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. आठ एकांपर्यंत सगळं मस्त: १२३४५६७८७६५४३२१. नऊ एक टाकले आणि उत्तर आलं १२३४५६७८९८७६५४३००. "दादा, पॅटर्न इथे तुटतो असं लिहू का?"

थांब म्हटलं. शेवटी १ असलेल्या संख्येचा वर्ग ०० ने संपेलच कसा?

हे आकडे आपल्या देवळालीच्या द. रा. कापरेकर सरांचे लाडके. शाळेत शिकवता शिकवता त्यांनी अशा संख्यांचा अभ्यास केला आणि त्यांना 'डेम्लो संख्या' म्हटलं, डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून. ६१७४ वाले कापरेकर ते हेच. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, पण शेवटचा अंक त्यांनी असा सोडला नसता.

झालं काय, तर एक्सेल फक्त १५ अंक जपतं, पुढे शून्यं भरतं. आठ एकांचा वर्ग बरोबर १५ अंकी आहे, म्हणून तिथवर सगळं जमलं. त्यात एररही येत नाही, हे मला जास्त खटकतं.

कॉम्प्युटर अल्जिब्रा सॉफ्टवेअर संख्या पूर्णच्या पूर्ण ठेवतं, मग ती शंभर अंकी का असेना. फ्रान्समधल्या बोर्दोचं पारी/जीपी संख्या सिद्धांतासाठी जबरदस्त आहे. पण उघडलं की नुसता प्रॉम्प्ट लुकलुकतो, आणि नवखा माणूस तिथूनच परत फिरतो. इंजिन तेच, फक्त तोंडवळा बदलला की माणसं वापरायला लागतात. मॅक्सिमाचा डब्ल्यूएक्स-मॅक्सिमा हा चेहरा मला त्यात सगळ्यात आवडतो: मेनूतून काही निवडलं की त्याची कमांड आपल्यासमोर लिहून येते. बटण दाबता दाबता भाषा शिकता. नुसतं उत्तर दाखवणारी अॅप्स हे करत नाहीत. मात्र त्याला कॉम्प्युटर हवा.

मोबाईलवाल्यांसाठी सेजमॅथसेल. २००५ मध्ये विल्यम स्टाइन यांनी सुरू केलेल्या सेजचं हे वेबपान, आणि सेजच्या पोटात पारी आणि मॅक्सिमा दोन्ही आहेत. ब्राउझरमध्ये उघडा, चौकोनात लिहा, खालचं बटण दाबा. इन्स्टॉल काही नाही, गणित त्यांच्या सर्व्हरवर होतं, त्यामुळे जुना फोनही चालतो. (नेट मात्र पाहिजे.) एक काळजी घ्या: आकड्यात दशांश चिन्ह टाकू नका. १११११११११.० लिहिलंत की तेही अंदाजे उत्तरावर येतं.

भावाने नऊ एकांचा वर्ग तिथे काढला: १२३४५६७८९८७६५४३२१. फॅक्टर कमांडही चालवून बघितली: ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग.

मग मी त्याला दहा एक टाकायला सांगितले. उत्तर आलं १२३४५६७९००९८७६५४३२१. इथे पॅटर्न खरंच तुटतो, कारण मधली बेरीज १० होते आणि हातचा पुढे जातो. प्रोजेक्टमध्ये त्याने दोन्ही स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावलेत.