प्रस्तावना: पाण्याची नावे

विदर्भातल्या अनेक रेल्वे कुटुंबांना ‘गार्डन रीच’ हे नाव नकाशात नव्हे, बदलीच्या हुकमात भेटले. बंगाल-नागपूर रेल्वेचे आणि पुढे दक्षिण-पूर्व रेल्वेचे मुख्यालय कोलकात्यात, हुगळीच्या काठी याच भागात. २००३ साली नागपूर विभाग बिलासपूरकडे गेला, तोवर हा संबंध टिकला. वर्तमानपत्र वाचणाऱ्याला त्याच नावाने युद्धनौका आठवतात. १९६१ची ‘अजय’ इथल्याच कारखान्यातली.

पण ‘रीच’ म्हणजे काय? दोन वळणांमधला नदीचा सरळ पट्टा, तांडेलाच्या एका नजरेत मावणारा. अठराव्या शतकात गोऱ्या साहेबांनी काठावर बागबंगले बांधले, म्हणून हा ‘गार्डन’चा. नाव ठेवणारा बोटीवर उभा होता. लगतच्या वस्तीचे नाव मटियाबुर्ज. त्यातली माती आणि बुरूज ओळखायला आपल्याला बंगाली कोशही लागत नाही. राज्य गमावून १८५६ साली कोलकात्यात आलेल्या अवधच्या वाजिद अली शाहने इथे दुसरे लखनौ वसवले, आणि ‘मटियाबुर्ज’ म्हटले की बुरुजाऐवजी ठुमरी आठवू लागली.

तेव्हा या अभ्यासात मी पहिला प्रश्न हाच मानतो: नाव देणारा कुठे उभा होता?

आपला ‘सामुद्रधुनी’ हा शब्दच घ्या. संस्कृतात ‘धुनी’ म्हणजे खळाळती नदी. शब्द घडवणाऱ्याला समुद्रात नदी दिसली. तमिळ ‘नीरिणै’ला पाण्याची जोडणी दिसते. भारत-श्रीलंकेमधल्या पाण्याला मात्र मद्रासचा गव्हर्नर रॉबर्ट पाल्क चिकटला. त्या नावात ना लाट, ना मासा. मलाक्काचे नाव तिथली परंपरा एका झाडाशी जोडते. ते झाड आपला आवळा, संस्कृत ‘आमलक’. कार्तिकात आवळीभोजनाला बसणाऱ्याला ती सामुद्रधुनी एकदम घरची वाटेल.

अशा गोडीतच फसगत असते. मुंबईच्या माझगावला कोणी ‘मत्स्यग्राम’ म्हणतो, कोणी ‘माझा गाव’. दोन्ही कानाला इतके बरे वाटतात की दोन्हींवर संशय घ्यावा. जुन्या दप्तरातले लेखन सापडेपर्यंत तरी.

वाचकहो, कोश उघडण्याआधी जवळच्या खाडीवर जा. तरीवरच्या माणसाला विचारा, इथून त्या वळणापर्यंतच्या पाण्याला तुम्ही काय म्हणता? तो सांगेल ते, त्याच्याच उच्चारात, गाव आणि तारीख घालून लिहून ठेवा.