रक्ताचा थेंब आणि निकालाची वाट

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ १९४८ पर्यंत ज्या निजामी अमलाखाली होते, त्याच मुलुखातील सिकंदराबादेस २० ऑगस्ट १८९७ रोजी ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू आढळले. परंतु चाव्यामागे एक आणा घेऊन ज्याने स्वतःला डास चावू दिले, त्या हुसेन खान नामक रुग्णाचे नाव आज क्वचितच उच्चारले जाते, आणि रोगी असा दप्तराच्या समासात राहावा हे मला फार खटकते.

१९५८ साली हिवताप निर्मूलनाची देशव्यापी मोहीम सुरू झाली, तेव्हा रोगी दवाखान्यात येईल ही जुनी समजूत मागे पडून सरकारी कर्मचारीच दर पंधरवड्यास घरोघर फिरू लागला. ‘कुणाला थंडीताप आहे का?’ असे विचारून तो डाव्या हाताच्या अनामिकेस सुई टोची, पहिला थेंब पुसून टाकी, पुढच्या थेंबांचे एक जाड व एक पातळ असे दोन लेप काचपट्टीवर घेई, क्लोरोक्विनच्या कडू गोळ्या आपल्यासमक्ष गिळावयास लावी आणि दाराशेजारच्या भिंतीवर भेटीची तारीख टाकून पुढच्या घरी जाई. काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली तपासणीस दूर जाई. निकाल येईतो कित्येकदा आठवडे उलटत, ताप उतरलेला असे, आणि रोगी शेतकामास लागलेला असताना कर्मचारी प्रायमाक्विनच्या गोळ्या घेऊन पुन्हा दारात उभा राही. अंगात दुखणे जाणवत नसताना औषध कशासाठी, या रोग्याच्या प्रश्नास मी अडाणीपणा म्हणणार नाही. ज्यांच्या रक्तात जंतू सापडत नसत, त्यांच्याकडे बहुधा कोणी परतही येत नसे.

देशातील रुग्णांची वार्षिक संख्या १९६५ च्या सुमारास एक लाखावर आली होती. १९७६ साली ती चौसष्ट लाखांवर गेली. डीडीटीला न जुमानणारे डास, औषधाला न जुमानणारे जंतू आणि मोहिमेतील ढिलाई ही त्याची कारणे होत. धरणांच्या व कालव्यांच्या साचलेल्या पाण्याने डासांची पैदासही वाढविली, आणि औंढा नागनाथ तालुक्यातही सिद्धेश्वर धरण आहे.

२००५ नंतर गावोगाव आशा कार्यकर्त्या आल्या व त्यांच्या पिशवीत जलद चाचणीची पट्टी आली. बोट तेच, सुई तीच. परंतु थेंबावर द्रावण टाकल्यावर पंधरा-वीस मिनिटांत पट्टीवर रेषा उमटते आणि रोगी ती ओसरीवर बसून स्वतः पाहतो. टोचणारी बाई गावातीलच, ओळखीची असल्यामुळे ‘ताई, ही दुसरी रेघ कशाची?’ असे विचारण्यास त्याला संकोच वाटत नाही. हा बदल मला औषधाइतकाच मोलाचा वाटतो.

सूक्ष्मदर्शकाचे महत्त्व यामुळे उणावले नाही. त्याचा निकाल चोवीस तासांत मिळू शकत नसेल, तेथेच पट्टी वापरावी असा दंडक आहे. म्हणजे रोग्याने किती वेळ थांबावे, याला सरकारी नियमात अखेर एक मर्यादा घातली गेली.